लग्न न ठरल्याचा पुरावा

बाळ आधी त्याच्या हातात आलं, आणि मग तो माझ्या लक्षात आला.

कामगार विम्याच्या कार्यालयातली रांग पार जिन्यापर्यंत आली होती. बाहेर भाद्रपदातला पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. माझ्या पुढच्या बाईचं नाव पुकारलं, तशी तिने कडेवरचं बाळ शेजारच्या माणसाच्या हातात दिलं, दुधाची बाटली माझ्या हातात कोंबली, आलेच हं म्हणाली आणि आत गेली.

बाळाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणावर रडावं ते त्याचं ठरत नसावं. त्या माणसाने त्याला असं धरलं होतं, जसा तेलाने माखलेला एखादा पार्ट निसटू नये म्हणून धरतात.

"मानेखाली हात घ्या," मी म्हटलं.

"मानेखालीच आहे. पण हा हलतोय."

"बाळं हलतात."

"असं होय," तो म्हणाला आणि इतक्या गंभीरपणे मान हलवली, की मला हसू आवरेना. बाळालाही आवरलं नाही. ते त्याच्या शर्टाचं बटण चोखत हसलं.

तेवढ्यात गोटीराम शिपाई आले. लेकराला घेऊन उभे काय राहता, म्हणाले, त्या पंख्याखालच्या बाकावर बसा... वहिनी, तुम्हीपण बसा. मी तोंड उघडणार, तर तो हळूच पुटपुटला, "खरं सांगितलं तर उभं राहावं लागेल."

सकाळपासून उभी होते मी. टाचा बोलत होत्या. बसले. एका बाकासाठी अर्धा तास कुणाची तरी वहिनी झाले.

त्याचं नाव समाधान. एकलहऱ्याला मामांकडे राहायचा. गाड्यांची सीटं बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता, कारखानाच बंद झाला. मी प्रतिभा, पंचवटीतली, फुलवाल्या मोतीराम अण्णांची मुलगी. अंबडला विजेची बटणं बनवणाऱ्या कंपनीत तपासणीवर होते. दिवसभर बटण चालू, बटण बंद. मग एक दिवस आमची अख्खी लाईनच बंद झाली.

"म्हणजे खराब माल तुम्हाला लगेच कळत असेल," तो म्हणाला.

"बटणांमधला."

"आणि माणसांमधला?"

"माणसांचं बटण कुठे असतं ते कळलं की सांगते."

त्याने बाळाकडे पाहिलं, बाळाने त्याच्याकडे. दोघांचेही कान लाल झालेले. बाळाचे पंख्याच्या वाऱ्याने झाले असतील.

मग ती बाई परत आली. बाळ गेलं, बाटली गेली, आणि आमच्या दोघांच्या मधली जागा एकदम रिकामी झाली... तरी कुणी सरकलं नाही.

मला तो भत्ता का हवा होता, ते आता सांगायला हवं. निम्म्या पगारासाठी नव्हे – किंवा नुसतं त्यासाठी नव्हे. नोकरी लागली तेव्हा अण्णांनी मला शब्द दिला होता, की पोरी, तुझी नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय माझ्या तोंडून निघणार नाही. अण्णा शब्दाचे पक्के. पण नोकरी गेली आणि चार दिवसांत घोटीहून स्थळ आलं. भाताची गिरणी, मोठं घर. मुलगा वाईट नव्हता. फक्त चहा संपेपर्यंत तो कोंड्याबद्दलच बोलला, आणि चहा संपल्यावर तुसाबद्दल.

मी अण्णांना म्हटलं, नोकरी मी सोडली नाही, ती गेली. माझ्या पगारातून विमा कापला जायचा. ज्यांचं काम स्वतःच्या चुकीशिवाय गेलं, त्यांना सरकार तीन महिने भत्ता देतं. तेवढे महिने मला नोकरीवाली धरा, मी दुसरी शोधते. अण्णांनी झेंडूचा ढीग जोखतात तसं माझं बोलणं जोखलं. म्हणाले, भत्ता सुरू झाला तर धरतो. नाही झाला, तर दसऱ्याला घोटीवाल्यांना होकार.

म्हणून मी त्या रांगेत होते. मला तीन महिने हवे होते. माझे स्वतःचे.

माझं नाव पुकारलं. खिडकीतल्या मॅडमनी संगणकात पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"तुम्ही तर काम सोडलंय. कंपनीने कारण दिलंय – लग्न ठरल्यामुळे."

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं वाचताहेत. नाही, माझंच होतं. आमच्या लाईनवर मुलगी काम सोडायची ती एकाच कारणासाठी. पत्रिका वाटायची, पेढे द्यायची, जायची. कंपनीतल्या क्लार्कच्या बोटांना तीच सवय. त्याने अख्ख्या लाईनच्या नावापुढे सरसकट तेच कारण टाकलं होतं. आमच्या धोंडाबाईंच्या नावापुढेसुद्धा, आणि धोंडाबाईंना नातवंडं आहेत.

मॅडमही हसल्या. धोंडाबाईंचं आम्ही लगेच दुरुस्त केलं, म्हणाल्या, तिथे शंकेला जागा नव्हती. पण तुमचं लग्नाचं वय आहे. लग्नासाठी स्वतःहून काम सोडलेलं असेल तर भत्ता बसत नाही. चौकशी करावी लागेल.

मी बाहेर आले तर समाधान जिन्यात थांबलेला. सगळं ऐकून म्हणाला, "अभिनंदन." मी असं काही पाहिलं त्याच्याकडे, की तो धावत पावसात गेला आणि दोन चहा घेऊन आला. अर्धा चहा पाऊसच होता. पण आलं छान लागत होतं.

त्यानंतर माझे हेलपाटे सुरू झाले. आज हा कागद, उद्या तो. आणि प्रत्येक वेळी पंख्याखाली तो असायचाच. मी म्हणायची, तुमचंही अडकलंय वाटतं. तो म्हणायचा, हो ना, फार अडकलंय. आम्ही बोलायचो ते काहीही. तो मला सांगायचा, की स्प्रिंग घट्ट बसली की तिचा आवाज बदलतो. मी त्याला सांगायची, की झेंडू शिळा आहे की ताजा हे रंगावरून नाही, देठावरून ओळखावं. दुसऱ्या दिवशी तो एक झेंडू घेऊन आला आणि विचारलं, हा कसला? मी देठ पाहिलं. म्हटलं, शिळा. त्याचं तोंड उतरलं. म्हटलं, पण राहू दे... आणि वेणीत खोचला.

मग एकदा गोटीरामनी टेबल पुसता पुसता सहज सांगितलं, की ह्या भाऊंचं काम तर कधीच झालं. भत्तासुद्धा जमा झालाय.

मी समाधानकडे पाहिलं. तो वर पाहत होता.

"इथला पंखा फार चांगला आहे," तो म्हणाला.

मीही पंख्याकडे पाहिलं. पाऊस थांबला होता, आणि मला तो थांबायला नको होता.

त्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं, की आमचा माणूस तुमच्या गल्लीत येऊन विचारपूस करेल. मी घरी आले आणि गल्ली गोळा केली. गल्ली म्हणजे मुख्यतः विमलाबाई – आमची विमलामावशी. फुलबाजारात अण्णांच्या शेजारी बसून हार विकते, आणि गल्लीत तिच्या ओट्यावरून गेल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. मी सगळ्यांना बजावलं, की ऑफिसचा माणूस विचारायला येईल. खरं तेच सांगा. लग्न ठरलेलं नाही, कामधंदा नाही, घरी असते.

मावशीने ते दोनदा घोकलं.

रविवारी मी बाजारात असताना माणूस येऊन गेला. सफारी, चष्मा, काखेत फाईल. संध्याकाळी मावशी मला रस्त्यातच भेटली, अशी फुललेली की बस. काम फत्ते, म्हणाली. म्या सांगितलं, साहेब, ह्या पोरीचं कुठंच जमत नाय. लय दिस झाले जमत नाय. काम नाय, धंदा नाय, दुपारपस्तोर लोळत पडलेली असती.

"मावशी, लोळते कशाला सांगितलंस?"

"आता बेकार माणूस लोळनार नाय तर काय करनार? साहेबाला पटाया नको?"

मंगळवारी आणखी एक आला. हा तरुण, इस्त्रीचा शर्ट, मोटरसायकल. प्रतिभा इथेच राहते का, कशी आहे मुलगी, लग्न ठरलंय का कुठे – असं विचारत होता म्हणे. मावशीने मला डोळा घातला. तुझ्यासाठी लय झ्याक गिऱ्हाईक अडकवलंय, म्हणाली. मी हसले आणि विसरले.

गुरुवारी मॅडमनी मला बोलावलं. अहवाल समोर होता. त्यांनी वाचून दाखवला. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार मुलीचे लग्न घोटी येथे ठरल्यात जमा आहे.

पुढचं मला नीटसं ऐकू आलं नाही. दसरा आठवड्यावर होता. मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. परतीचा पाऊस आडवातिडवा येत होता, चपला भिजत होत्या, भिजू दिल्या.

समाधान माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला सांगितलं. घोटीचं, अण्णांच्या शब्दाचं, सगळंच. आजवर यातलं एक अक्षर मी बोलले नव्हते. घोटीचं नाव निघताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ठरल्यात जमा? पण मामांना तर गल्लीने सांगितलं की कुठेच..." आणि तो थांबला.

"कुठल्या मामांना?"

तो आपल्या नखांकडे पाहू लागला. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

"तुमचे मामा..." मी सावकाश म्हटलं, "सफारी घालतात?"

"वीज केंद्रातून निवृत्त झालेत. पण फाईल काही सुटली नाही काखेतली." मग हळूच, "आमच्यात आधी मामा चौकशी करून येतात. मुलीला विचारायच्या आधी. मी म्हटलं होतं नको, पण..."

"मग काय म्हणाले मामा?"

"म्हणाले, मुलगी दुपारपर्यंत लोळत असते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मग सकाळची शिफ्ट मी घेईन."

मी हसायला लागले. मला रडायचं होतं, ते त्या हसण्यातच कुठेतरी निघून गेलं. आता सगळं उलगडत होतं. ऑफिसचा माणूस म्हणून गल्लीने मामांना उत्तरं दिली. मग मंगळवारी आला तो खरा ऑफिसचा. ऑफिसची चौकशी तर झाली, म्हणजे हा नक्की स्थळाचा, असं मावशीने धरलं. आणि मावशीच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक टोपलीकडे बघून घुटमळलं, की ती म्हणते, ही टोपली तर गेल्यात जमा हाय, मघाचे पाहुणे पैशे आणायला गेलेत. गिऱ्हाईक लगेच पिशवी उघडतं. माझ्या बाबतीत तिने तेच केलं होतं. घोटीचे पाहुणे.

"मावशीला इथे आणते," मी म्हटलं. "ती खरं सांगेल."

"मॅडम विचारतील, रविवारी आले ते कोण होते," समाधान म्हणाला. "मग मला सांगावं लागेल... मामा का आले होते ते. तुम्हाला विचारायच्या आधी मॅडमना." त्याने घसा साफ केला. "म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला –"

"नको," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा झाला, की मला घाईघाईने पुढचं बोलावं लागलं.

"आत्ता विचारू नका. आत्ता विचारलंत... तर उद्या वर जाऊन मला खोटं बोलावं लागेल."

एक थेंब पत्र्यावरून पडला. मग दुसरा. मी खाली पाहत होते, तरी मला कळत होतं की तो हसतोय.

"म्हणजे –"

"म्हणजे काही नाही. उद्या अकराला या. शर्ट धुतलेला घाला."

दुसऱ्या दिवशी विमलामावशी टोपलीसकट आली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी खुर्चीवर बसली आणि लगेच उठून उभी राहिली. मंगळवारचा तो तरुण साहेब मॅडमच्या बाजूलाच होता. त्याला पाहताच मावशीने कपाळावर हात मारला. बाबा, म्हणाली, तू मुलगा बघाया आल्यावानी दिसत व्हतास, त्यात माझी काय चूक? एवढा इस्तरीचा शर्ट घालून सरकारी मानूस फिरतो व्हय? साहेब लाजला. त्याचं लग्न व्हायचं होतं, हे नंतर कळलं.

मावशीने सगळं सांगितलं. घोटीची माणसं पोरीला बघून गेली, पण इकडून कुणी हो म्हटलेलं नाही. ठरल्यात जमा वगैरे आपल्या तोंडची भर. आणि सरकारी माणूस रविवारी कसा येईल, हे आपल्याला सुचलंच नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग रविवारी कोण आलं होतं?"

समाधान पुढे झाला. निळा शर्ट. कॉलर अजून ओलीच होती, रात्री धुतलेला वाळला नसावा.

"माझे मामा होते, मॅडम. स्थळाच्या चौकशीला गेले होते."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मागची रांग पुढे झुकली. गोटीरामचं फडकं टेबलावर जागच्या जागी थांबलं. मॅडम माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्याच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांचा आवाज अगदी कचेरीतला होता.

"तुम्हाला यांच्याशी लग्न करायचंय?"

"हो."

"यांना विचारलंत?"

"नाही."

"का?"

"त्यांनी थांबवलंय. म्हणाल्या, आत्ता विचारलं तर इथे खोटं बोलावं लागेल."

मावशीने तोंडाला पदर लावला. माझ्या कानांत झांजा वाजत होत्या. वाटलं, या फरशीखाली जागा असेल तर बरं. आणि त्याच वेळी वाटत होतं, की हे वाक्य त्याने पुन्हा एकदा म्हणावं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमचं लग्न ठरलेलं आहे?"

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "मला अजून कुणी विचारलेलंच नाही."

त्यांनी अहवाल ओढला, घोटीच्या ओळीवर काट मारली, खाली काही लिहिलं आणि सही केली. लग्न ठरलेलं नाही याला एवढा पुरावा पुरे, म्हणाल्या. मग चष्म्यावरून समाधानकडे पाहिलं. "मंजुरीचा मेसेज येईपर्यंत तोंड बंद ठेवा. माझं काम वाढवू नका."

त्याने खरंच ठेवलं. पुढचे दिवस तो बोलला ते फक्त हवेबद्दल. मी नोकरीच्या जाहिराती धुंडाळत होते, सातपूरला दोन ठिकाणी मुलाखती देऊन आले. तो मला आपल्या गाडीवरून सोडायचा आणि वाटेत म्हणायचा, आज ढग जरा पांढरे आहेत. मी म्हणायची, हो, बरेच पांढरे आहेत. ढगांबद्दल इतकं बोलणं होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

मेसेज आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी. फुलबाजारात झेंडूचे डोंगर लागले होते, पाय ठेवायला जागा नाही, हात केशरी, ओरडून ओरडून घसे बसलेले. मी फोन अण्णांसमोर धरला. त्यांनी तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. फोन मला दिला आणि आपल्या फोनवरून घोटीला लावला. एका दमात सांगून टाकलं, की मुलगी सध्या नोकरीवाली आहे, माफ करा. मग तराजू उचलला आणि म्हणाले, तीन महिने मी तोंड उघडणार नाही.

गर्दीतून तो येताना मला दिसला. मी त्याला मेसेज कधी पाठवला, मलाच आठवत नाही. वाटेत दोघांच्या टोपल्यांना अडखळला, एकाच्या शिव्या खाल्ल्या, आणि आमच्या ढिगाच्या पलीकडे येऊन उभा राहिला. अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. किती देऊ, विचारलं. तो म्हणाला, मला फुलं नकोत. अण्णांना तेवढ्यावरून समजलं असावं. ते एकदम पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळले आणि पाठ करून राहिले. पण त्यांचा कान इकडेच होता, आणि तराजूचं पारडं बराच वेळ रिकामंच वरखाली होत होतं.

"आता विचारू?" तो म्हणाला.

"विचार," मी म्हटलं.

पहिल्यांदाच मी त्याला एकेरी बोलले होते. ते त्याला असं लागलं, की घोकून आणलेलं सगळं विसरला. नुसता उभा राहिला. फुलांच्या त्या ढिगापलीकडे, ओठ हलवत, काहीच न बोलता...

मला दया आली. आणि घाईही होती, मागे दसऱ्याची गर्दी खोळंबली होती.

"लग्न मला नोकरी लागल्यावर," मी म्हटलं. "तीन महिने मी भांडून मिळवलेत, ते वाया घालवणार नाही. हो मात्र आत्ताच घेऊन जा."